हिवरे बाजारात विकाऊ जमीन का मिळत नाही? आणि चांगला विक्रेता ओळखायचा कसा?



मागच्या व्हिडिओनंतर एका मित्राचा फोन आला. नोकरी पुण्यात, मूळचा आपल्याच नगर जिल्ह्यातला. म्हणाला, "सर, हिवरे बाजारला दोन-चार एकर मिळेल का? गावाचं नाव मोठं, पाणी आहे, नगर शहर जवळ. विसार देऊन ठेवतो आणि पुण्याच्या पार्टीला फिरवतो."

मी म्हटलं, "अरे बाबा, तिथे बाहेरच्याला जमीन विकत नाहीत. ग्रामसभेनेच तसं ठरवलंय."

तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "मग असं गाव सांगा ना, जिथे विकतात."

आजचा लेख या वाक्यावर आहे. "जिथे विकतात असं गाव सांगा" हीच आपल्या धंद्यातली सगळ्यात मोठी चूक आहे असं माझं मत आहे, आणि ती तुमचे पैसे बुडवू शकते.

आधी नवीन वाचकांसाठी थोडक्यात. यूट्यूबवर अमेरिकेतले व्हिडिओ बघून बरेच जण "होलसेलिंग, होलसेलिंग" करतात. म्हणजे मालकाशी कमी भावात करार करायचा, आणि खरेदीखत व्हायच्या आत तो करार जास्त भावात दुसऱ्या गिऱ्हाइकाला द्यायचा. मधला फरक आपला. आपल्याकडे हे नवीन नाही. विसार पावतीवर जमीन फिरवणं म्हणतात ते हेच. सुप्याच्या एमआयडीसीच्या आजूबाजूला, पुणे-नगर रोडला, शिर्डीकडे हा प्रकार वर्षानुवर्षं चाललाय. त्यात काहींनी बंगले बांधले आणि काही अजून कोर्टाच्या तारखा करतायत.

आता त्या व्हिडिओंमध्ये लीड कसा शोधायचा ते काय सांगतात? "मोटिव्हेटेड सेलर" शोधा. म्हणजे ज्याच्या घरात कोणी गेलंय, ज्याचा घटस्फोट झालाय, ज्याचे बँकेचे हप्ते थकलेत. त्याला घाई असते, तो भाव करत नाही. आपल्याकडचे काही ट्रेनरही हेच मराठीत करून सांगतात: कर्जबाजारी शेतकरी शोधा, दवाखान्यात माणूस असलेलं घर शोधा, मुलीचं लग्न काढलेला बाप शोधा.

मला हे पटत नाही. भावनेचा भाग थोडा वेळ बाजूला ठेवा, धंदा म्हणूनसुद्धा पटत नाही. का, ते हिवरे बाजारवरूनच सांगतो.

गावाला पाणी आलं आणि विकणारे गेले

हिवरे बाजार नगर तालुक्यात. साधारण ९७६ हेक्टरचं गाव, पाऊस सरासरी ४०० मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे अवर्षणाचाच पट्टा. १९७२ च्या दुष्काळानंतर हे गाव पार मोडलं होतं. डोंगर बोडके, विहिरी कोरड्या, दारूचे गुत्ते, भांडणं. माणसं कामाला पुण्या-मुंबईकडे. सरकारी नोकरीत कुणाला शिक्षा म्हणून बदली द्यायची तर हे गाव, अशी त्याची ख्याती होती.

१९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले. एम.कॉम. शिकलेला, क्रिकेट खेळणारा तरुण. पुढचं तुम्ही ऐकलेलं असेल: श्रमदान, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, नशाबंदी. आदर्श गाव योजनेतून डोंगरावर सलग समतल चर, खाली बंधारे. शेतीसाठी बोअर मारायचं नाही. ऊस, केळी असली पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत. दरवर्षी पाऊस किती पडला आणि विहिरींना पाणी किती आहे ते मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडायचा, आणि त्यावरून कुठलं पीक किती घ्यायचं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर आधी पिण्याचं पाणी, मग जनावरं, मग शेती.

गावाच्या आकडेवारीप्रमाणे १९९५ मध्ये १६८ कुटुंबं दारिद्र्यरेषेखाली होती, २०१० पर्यंत ३ राहिली. बाहेर गेलेली कुटुंबं परत आली. पोपटरावांना २०२० चा पद्मश्री मिळाला. हे सगळं पुस्तकात, बातम्यांत आहे.

जमिनीच्या धंद्यातल्या माणसाने यात काय वाचावं? जमीन बाहेरच्याला विकायची नाही हा नियम आपण "बंदी" म्हणून वाचतो आणि पुढच्या गावाला जातो. पण नुसत्या ठरावाने कुणी अडत नाही. ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायदा नव्हे. पोरीच्या दवाखान्याला पैसे हवे असतील तर माणूस ठराव बघत नाही, गिऱ्हाईक बघतो. नियम टिकला कारण विकायची वेळच कमी आली. कांदा निघतोय, भाजीपाला निघतोय, दूध डेअरीला जातंय, तर माणूस बापजाद्यांची जमीन कशाला काढेल?

म्हणजे विकाऊ जमिनींची यादी पाणी तयार करतं, मित्रांनो. विहीर आटली की दोन वर्षांत त्या शिवारातले गट बाजारात येतात. हे आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्याही एजंटला विचारा. आणि पाणी आलं की तेच लोक विसार परत करायला निघतात. आता तुम्हीच सांगा, दुष्काळात घाईने केलेला करार पाऊस पडल्यावर किती मजबूत राहील?

(एक शंका मलाही आहे, ती लपवत नाही. बाहेरच्याला विकायचंच नाही म्हटलं तर खरोखर अडलेल्या माणसाला गावातलाच भाव घ्यावा लागतो, आणि तो कमी असू शकतो. पण गावाने हे डोळसपणे ठरवलंय. दुसरीकडे काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं: बाहेरचा येतो, कंपाउंड घालतो, बोअर मारतो आणि शेजारच्या विहिरी आटतात. पाणी सगळ्यांचं मानलं तर जमीन एकट्याची कशी विकणार?)

अडलेला माणूस म्हणजे कच्चा लीड

माझाच एक किस्सा सांगतो. अकरा-बारा वर्षं झाली. एका गावात सव्वा एकराचा तुकडा, रोडपासून आत पण वाट चांगली. तिघे भाऊ. सोसायटीचं कर्ज थकलेलं, वर खाजगी देणं. घाई इतकी की मी सांगितलेला भाव दुसऱ्या चहाच्या आत मान्य. मी खूश! एक लाख विसार दिला, साध्या स्टँपवर पावती केली, तिघांच्या सह्या घेतल्या. गिऱ्हाईकही तयार होतं.

खरेदीखताच्या आठवड्यात बहीण उभी राहिली. वडील गेल्यावर वारस नोंद करताना तिचं नावच घातलेलं नव्हतं. भावांनी मला सांगितलं नव्हतं, आणि मी विचारलं नव्हतं. सातबारावर तीन नावं दिसली, मी तीन सह्या घेतल्या. जुने फेरफार काढून बघायचे कष्ट कुणी घ्यायचे? तिने हरकत घेतली, आणि तिचं शंभर टक्के बरोबर होतं. माझं गिऱ्हाईक गेलं. विसाराचे पैसे तीन वर्षांत दहा-दहा, पाच-पाच हजार करत परत आले, कारण ते केव्हाच देण्यात गेले होते.

चूक माझी होती. विक्रेत्याची घाई मी संधी समजलो, ती खरं तर धोक्याची घंटा होती. अडलेला माणूस पैसे हातात पडेपर्यंत सगळ्याला "हो" म्हणतो. बहीण आहे का? "तिचं काही नाही." बोजा आहे का? "फिटेल." वाट आहे का? "आहे की!" तो लबाड असतो असं नाही. त्याला आजचा दिवस काढायचा असतो. त्याच्या "हो" वर तुम्ही तिसऱ्याचे पैसे लावता.

कायदाही हळूहळू त्याच्याच बाजूला येतो, आणि यायलाच हवा. बेकायदा सावकारीतून गेलेली जमीन परत मिळवून देण्याची तरतूद आपल्या २०१४ च्या सावकारी कायद्यात आहे. अमेरिकेत, जिथून हे व्हिडिओ येतात, तिथेही इलिनॉय राज्याने २०१९ मध्ये वर्षात एकापेक्षा जास्त असे सौदे करणाऱ्याला लायसन्स लावलं. ओक्लाहोमाने २०२१ मध्ये जो कायदा केला त्याच्या नावातच "प्रीडेटरी" म्हणजे सावज धरणारे होलसेलर असा शब्द आहे. हे त्या व्हिडिओत सांगत नाहीत!

मग चांगला विक्रेता कोण?

माझी व्याख्या साधी आहे. एक वर्षाने रस्त्यात भेटला तर जो तुम्हाला चहा पाजेल, तो. त्याच्याकडे विकायचं कारण आहे आणि ते कारण सहा महिन्यांनीही तसंच राहणार आहे.

आपल्या भागात असे लोक खूप आहेत, फक्त ते ओरडत नाहीत. सगळ्यात मोठा गट म्हणजे बाहेर स्थायिक झालेले वारस. आजोबांची जमीन, चार नातवंडं, एक पिंपरीत, एक ठाण्यात, एक परदेशात. कसणारं कोणी नाही, खंडाने दिलेल्याचे पैसे वर्षाकाठी येतात न येतात. त्यांना घाई नाही पण कटकट नको आहे. इथे तुमचं खरं काम म्हणजे सगळ्यांना एका दिवशी एका टेबलावर आणणं. हे काम कोणी करत नाही, म्हणून त्याचे पैसे मिळतात. चार जणांच्या वेळा जुळवणं, वारस नोंद पूर्ण करून घेणं, ज्याला हिस्सा नको त्याचं हक्कसोडपत्र नोंदवून घेणं. दोन-तीन महिने जातील. जाऊ द्या.

दुसरा मला आवडणारा विक्रेता म्हणजे लांबचा तुकडा काढून घराजवळची जमीन घेणारा शेतकरी. एक गट ओढ्याच्या पलीकडे, बाकी सगळं इकडे. तो विकतोय म्हणजे शेती वाढवतोय. असा माणूस एकाच वेळी विक्रेताही आहे आणि खरेदीदारही. दोन व्यवहार, तेही त्याच्या फायद्याचे.

मग शहराजवळच्या ले-आउटमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी गुंतवणूक म्हणून प्लॉट घेऊन विसरलेले लोक. निवृत्त शिक्षक, एसटीतले, बँकेतले. आता मुलाला पुण्यात फ्लॅटसाठी पैसे हवेत. इथे एन.ए. ऑर्डर आणि मंजूर नकाशा आधी बघा, नाहीतर "प्लॉट" म्हणजे शेतातले फक्त चार दगड निघतात. आणि महारेरा नोंदणी असलेल्या प्रकल्पातलं काही विकायला मदत करणार असाल तर एजंट म्हणून तुमची स्वतःची महारेरा नोंदणी लागते.

हे लोक भेटतात कुठे? व्हॉट्सॲप ग्रुपवर नाही. तिथे एकच गट दहा एजंटांनी दहा भावांत टाकलेला असतो, आणि मालकाला त्याचा पत्ताच नसतो. भेटायचं त्या गावात रोज बसणाऱ्या माणसांना. कृषी सेवा केंद्रवाला: कुणाची उधारी वाढलीय आणि कुणी बियाणं घेणंच बंद केलंय हे त्याला माहीत असतं. दूध संकलन केंद्र. ट्रॅक्टर भाड्याने चालवणारा, कारण कुठलं रान दोन वर्षं पडीक आहे हे त्याच्याइतकं कोणाला कळत नाही. नोंदणी कार्यालयाबाहेरचे दस्तलेखक. पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचायची सवय लावा. त्यातला व्यवहार बहुतेक ठरलेला असतो, पण कुठल्या शिवारात हालचाल आहे, कुठला वकील ते काम बघतोय, हे त्यातून समजतं.

आणि बांधाचा शेजारी! नवीन पोरं याला टाळतात, गुपित फुटेल म्हणून. उलट आहे. शेजाऱ्याला त्या जमिनीची वाट, पाणी, भांडणं सगळं पाठ असतं, आणि बऱ्याचदा सगळ्यात चांगला भावही तोच देतो. तो पुढे खोडा घालणार असेल तर आधीच कळलेलं बरं.

कागद आधी, चहा नंतर

इथे थोडं कडू सांगतो. तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमिनीचा विसार वगैरे विसरा. आपल्या कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे शेतकरी नसलेल्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन विकता येत नाही, आणि विक्रीचा लेखी करारसुद्धा वैध धरला जात नाही. काही अपवाद आहेत, ते वकिलाकडून समजून घ्या. पण "खरेदीखत दुसऱ्याच्या नावावर करू, माझ्या नावावर फक्त साठेखत" ही पळवाट तिथेच बंद होते.

बाकी बघायचं ते असं. सातबारा आणि आठ-अ ताजा काढा, ऑनलाइन मिळतो. "भोगवटादार वर्ग-२" लिहिलं असेल तर थांबा, परवानगीशिवाय हस्तांतर नाही. इतर हक्कात बोजा, कूळ, पुनर्वसन असा काही शेरा आहे का बघा. जमीन आदिवासीची असेल तर मधे पडूच नका. मग फेरफार एकामागून एक मागे जात वाचा, आणि प्रत्येक मृत्यूनंतर किती मुली होत्या हे गावात विचारा. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. सातबारावर नाव नाही म्हणजे हक्क नाही असं नसतं. माझा एक लाख त्यातच अडकला होता!

तुकडा किती आहे तेही बघा. ऑगस्ट २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे प्रमाणभूत क्षेत्र धरलंय. त्यानंतरही तुकडेबंदीत बदल झालेत, म्हणून व्यवहाराच्या दिवशी काय लागू आहे ते दुय्यम निबंधक कार्यालयात विचारून घ्या. कोणी "मुखत्यारपत्रावर करून टाकू" म्हणाला तर उठून या. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी जात नाही हे सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगितलंय.

साठेखत केलंत तरी जमीन तुमची होत नाही, एवढं डोक्यात ठेवा. तुमच्याकडे असतो तो फक्त खरेदीखत करून मागायचा अधिकार. म्हणून "मी किंवा मी सांगेन त्या इसमाच्या नावे खरेदीखत" हे वाक्य करारात स्पष्ट हवं, साठेखत नोंदवलेलं हवं, आणि मालकाला ते वाचून दाखवलेलं हवं. तुम्ही पुढे जास्त भावात देणार आहात हे मालकाला आधीच माहीत असलं पाहिजे. इथे बरेच जण माझ्याशी भांडतात: "सर, सांगितलं तर तो भाव वाढवेल!" वाढवू दे. समजा तुम्ही एकरी २० लाखाला घेऊन २६ ला देताय. खरेदीखताच्या दिवशी आकडा त्याच्यासमोर येणारच आहे. तेव्हा कळून त्याने सही अडवण्यापेक्षा आज कळून २२ मागितलेले परवडले. माझा तर नवशिक्यांना सल्ला आहे की पहिले दहा व्यवहार साध्या दलालीवरच करा, दोन्हीकडून एक-दोन टक्के, सगळं उघड. फरकाचा खेळ कागद वाचता यायला लागल्यावर.

राहिला अडलेला माणूस. तो तुमच्याकडे येणारच, आणि त्याला "मी तुझ्याशी व्यवहार करत नाही" म्हणणं हीसुद्धा दया नाही. त्याची जमीन, विकायचा त्याचा हक्क आहे. मी अशा वेळी एकच प्रश्न विचारतो: "दादा, पैसे आल्यावर काय करणार?" ज्याच्याकडे उत्तर आहे, मग ते घर असो, दुसरी जमीन असो, पोराचं दुकान असो, त्याच्याशी भावाचं बोलायला बसतो. "देणं फेडणार" एवढंच उत्तर आलं तर आधी देणं किती ते कागदावर मांडतो. पाच लाखाचं देणं आणि चाळीस लाखाची जमीन असेल तर सगळी कशाला विकायची? तुकडेबंदीत बसत असेल तर थोडी विका, नाहीतर दोन-तीन वर्षं खंडाने द्या, सोसायटीशी बोला. यात माझी दलाली जाते, हे खरं आहे. पण असा एक माणूस गावात माझ्याबद्दल जे बोलतो त्यातून पुढची चार घरं येतात, तीही न अडलेली.

पुण्याच्या त्या मित्राला मी शेवटी हिवरे बाजारलाच पाठवलं. जमीन बघायला नाही. पाण्याचा ताळेबंद कसा मांडतात ते बघ, म्हटलं, आणि येताना आजूबाजूच्या शिवारातल्या विहिरींत वाकून बघ. परवा त्याचा मेसेज आला. त्याच्या स्वतःच्या गावात त्याच्या चुलत आजोबांचे सहा वारस आहेत, जमीन आठ वर्षं पडीक, दोन आत्यांची नावं सातबारावर नाहीत. मी कळवलं, आधी आत्यांना भेटून ये.